टिब्याची माती

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पश्चिमेचा वारा सुटला आणि दुसऱ्याच दिवशी नंगला गावानं माती बंद केली. दोन्ही गोष्टी लागोपाठ झाल्यामुळं दोष कुणाचा हे ठरवायला गावाला वेळ लागला नाही. दोष ज्ञानोबाचा ठरला.

ज्ञानोबा खड्ड्यावर डोझर चालवायचा. फरीदाबादच्या पलीकडं, अरवलीच्या बोडक्या टेकड्यांच्या कुशीत ही दगडाची जुनी खाण होती. दगड संपला तशी ती रिकामी पडली, आणि शहराला रिकामी जागा बघवत नाही. रोज ऐंशी-नव्वद गाड्या हायवेच्या अंगानं यायच्या, कचरा ओतून जायच्या. ज्ञानोबानं तो पसरायचा, डोझरनं दाबायचा आणि दिवस मावळायच्या आत वरून वीतभर माती ओढायची. कचरा, दाब, माती. दुसऱ्या दिवशी पुन्हा कचरा, दाब, माती.

"पोळीत पुरान भरल्यावानीच की रं हे," त्याचा बाप भाऊसाहेब एकदा जेवताना म्हणाला. त्यानंतर दोन सण आले नि गेले, पण ज्ञानोबाच्या बायकोनं, विजयानं, घरात पुरण शिजवलं नाही.

ही तिघं खड्ड्याच्या कडेला कंटेनरच्या खोलीत राहायची. माण तालुक्यातली माणसं. कोरड्या मुलखातल्या माणसाला कोरडी हवा सोसते असा विचार करून कचऱ्याचा ठेका घेतलेल्या कंपनीनं तिकडून सात ऑपरेटर आणले होते. सहाजण दोन उन्हाळ्यांत पळाले. सातव्याचा बाप म्हणाला, "पळून जायाचं कुठं? तिथं तरी काय पाऊस लागलाय?" म्हणून सातवा राहिला.

मुलूख साधा होता. पश्चिमेला टिबा, म्हणजे वाळूमातीची चांगली दोन मजली उंच टेकडी, मधे खड्डा, पूर्वेला गाव. टिबा गावाच्या सामाईक मालकीचा. त्यातली माती कंपनी ट्रॅक्टरनं आणायची आणि गाव त्याकडं दुर्लक्ष करायचं. हे दुर्लक्ष तीन वर्षं सुखानं चाललं होतं. मग ताऊ रिसालसिंगच्या नातीचं लग्न निघालं.

ताऊ रिसाल गावातला सगळ्यात मोठा माणूस. मिशा पांढऱ्या, आवाज फाटका. लग्नाच्या दिवशी सकाळपासून वारा होता. वरात दारात आली, नवरदेव घोडीवरून उतरला, सासूनं आरती पुढं केली, आणि खड्ड्याकडनं उडत आलेलं लहान मुलाचं एक वापरलेलं डायपर अलगद त्याच्या सेहऱ्यावर येऊन बसलं. वरातीतल्या एका म्हातारीनं हा शकुन चांगला आहे, वर्षाच्या आत पाळणा हलेल असं जाहीर केलं, तेव्हा निम्मी वरात हसली. ताऊ हसला नाही. दुसऱ्या दिवशी टिब्याच्या वाटेवर खाटा आडव्या पडल्या आणि कंपनीचा ट्रॅक्टर परत गेला.

ज्ञानोबा समजवायला गेला.

"ताऊ, माती नहीं डालेंगे तो ये प्लास्टिक की पन्नी और उडेगी."

"पन्नी उडै सै, इसलिए माटी ना द्यांगे."

"माती नहीं है, इसलिए उडती है."

"उडै सै, इसलिए ना सै."

हे संभाषण चार दिवस रोज सकाळी झालं. पाचव्या दिवशी ज्ञानोबा गेला नाही, तर ताऊनं माणूस पाठवून विचारलं, आज का आला नाही.

उघडा कचरा वाळू लागला. इकडं पावसाचं नाव नाही, बोअर सातशे फूट खाली नेली तर तिच्यातून हवा येते. कचरा कुजायचंसुद्धा विसरतो, नुसता पापडासारखा होतो. गावाच्या अंगाला उडता कचरा अडवायची दोन पुरुष उंचीची जाळी होती, आणि जाळीला अडकलेल्या पिशव्या काढायचं काम विजयाकडं. एरवी दुपारपर्यंत ती मोकळी व्हायची. आता तिनं एका टोकानं सुरुवात करावी, दुसऱ्या टोकाला पोचेस्तवर पहिलं टोक पुन्हा पांढरं. हातांना भेगा पडल्या. तोंडाला ओढणी बांधून बांधून कानामागं कातडं सोललं.

"ह्या जाळीपरास माझी सासू बरी हुती," ती म्हणाली. "ती निदान रातीला झोपायची."

सोमवारी सकाळी ज्ञानोबा डोझर घेऊन वरच्या अंगाला गेला तर पायाखालची जमीन कोमट लागली. पुढं एक भेग होती. चाळीस हात लांब, तळहाताएवढी रुंद, आणि तिच्यातून बारीक, निळसर धूर येत होता. त्यानं लोखंडी पहार आत घातली, शंभर मोजले, बाहेर काढली. पहार हातात धरवेना. त्यानं डोझरनं भेग दाबून पाहिली. ती हातभर पलीकडं पुन्हा उघडली.

त्यानं गुरुग्रामला फोन लावला. मॅनेजर सुधन्वा पुण्याचा. खड्ड्यावर वर्षातून दोनदा यायचा, पांढरे बूट घालून.

"सायेब, आग लागलीय."

"एक मिनिट, एक मिनिट. ज्वाळा दिसतायत?"

"न्हाई. धूर."

"मग आग म्हणू नका ना, प्लीज. हीटिंग म्हणा. मी वर तसंच कळवतो."

"हीटिंग लागलंय. माती पायजे. चाळीस ट्रॉल्या तरी."

"माती प्रोसेसमध्ये आहे, ज्ञानोबा. टेंडर काढलंय. पंधरा दिवस धरा."

"गुरवारी आंधी येनार हाय सायेब, मोबाइलवर दावत्यात. भेगंत वारं शिरलं की भडका हुईल. पंधरा दिस थांब म्हनून हीटिंगला तुमी सांगता का मी सांगू?"

पलीकडं एसीचा आवाज येत होता. सुधन्वा मऊ आवाजात म्हणाला, "हे बघा, मी तुमच्या बाजूनंच आहे. पण ओपन फ्लेम दिसली ना, की एफआयआर साइट इन्चार्जच्या नावावर होते. अटकच असते यार त्यात, सरळ."

"इन्चार्ज कोन हाय?"

"कागदावर तुम्ही."

"मी डोझर चालवतो."

"बिल्कुल. पण बाकीचे सगळे सोडून गेले ना. सिस्टिममध्ये कुणाचं तरी नाव लागतंच."

ज्ञानोबा कंटेनरवर आला आणि त्यानं सगळं सांगितलं. विजयानं पीठ मळणं थांबवलं नाही. "म्हंजे तुमाला बढती मिळाली," ती म्हणाली, "आन जेलात जाणार." मग परातीत पाणी जरा जास्तच पडलं आणि तिनं ती बाजूला सारली.

भाऊसाहेबानं टोपी घातली. "चल. ताऊकडं मी येतो. म्हाताऱ्याशी म्हाताऱ्यानं बोलावं."

बैठकीत दहा-बारा जण होते. मधे हुक्का. ह्या दोघांना कुणी बसा म्हटलं नाही, तेव्हा ते उंबऱ्याजवळ उभे राहिले. भाऊसाहेबानं हात जोडून, माणच्या हिंदीत, भेगेचं सांगितलं. आग लागली तर धूर तुमच्याच घरात येईल, असंही सांगितलं.

"धुआँ आवैगा तो थाने में फोन कर द्यांगे," ताऊ म्हणाला. "इसका नाम बता द्यांगे." त्यालाही सिस्टिम ठाऊक होती. मग त्यानं मिशीवरून हात फिरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "और सुण ल्यो. आज तै थारा हुक्का-पाणी बंद."

ही गावातली सगळ्यात मोठी शिक्षा. वाळीत टाकणं. बैठक गंभीर झाली. तेवढ्यात कोपऱ्यातून रिटायर झालेले मास्तर खाकरले.

"ताऊ, पाणी तो चलो, नलके से भरते हैं. पर हुक्का इनका चालू कब था?"

ताऊनं हुक्क्याकडं पाहिलं.

"जो चालू ही नहीं, वो बंद कैसे होगा?" मास्तरांनी गणित शिकवलेलं होतं. "बंद उसका होता है जो भाईचारे में हो."

ह्यावर अर्धा तास वाद झाला. एकजण म्हणाला, तोंडानं बंद म्हटलं की झालं. दुसरा म्हणाला, असं नियमाबाहेर केलं तर उद्या कुणीही कुणाचंही काहीही बंद करील. ज्ञानोबा आणि भाऊसाहेब उभेच होते. शेवटी असं ठरलं की ह्या दोघांना आधी भाईचाऱ्यात घ्यावं, हुक्का द्यावा, आणि मग रीतसर बंद करावा. एकानं नळी काढून नुसती चिलीम पुढं केली. परक्याला तशीच देतात. मास्तर म्हणाले, "नली के साथ. नहीं तो गिनती में नहीं आएगा."

मग जागा झाली. दोघं खाटेवर बसले. ज्ञानोबानं एक झुरका घेतला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. भाऊसाहेबानं साठ वर्षं तंबाखू चघळली होती, ओढली कधी नव्हती. पण त्यानं नळी धरली ती सोडेना. एक, दोन, तीन. ताऊचा हात नळीसाठी पुढं आला तरी चौथा.

"आता हम गाव में बैठे?" त्यानं धूर सोडत विचारलं.

"बैठगे," ताऊ म्हणाला. "इब ला, बंद करूँ."

"रुको. बंद बोलने के पहले एक पूछना है. गाव के घर को टिबे का माती मिलता है के नहीं?"

बैठकीत हालचाल झाली. मास्तरांच्या डोळ्यांत चमक आली. "मिलता है. लिपाई का हक है. हर घर को. अपने सिर पर ढोना, अपने हाथ से. ट्रैक्टर नहीं, मजदूर नहीं. तीन दिन."

"फिर हमारा भी घर है," भाऊसाहेब म्हणाला. "लिपाई करेगा."

ताऊनं मास्तरांकडं असं पाहिलं की मास्तर दोन दिवस बैठकीत आले नाहीत. पण सगळ्यांसमोर नळीसकट हुक्का दिला होता, तो परत गिळता येत नव्हता. आणि तिघं जण डोक्यावर पाट्या घेऊन शहराचा खड्डा लिंपणार, हे बघायला मिळेल म्हणून बाकीच्यांनीही फार ताणलं नाही.

"तीन दिन," ताऊ म्हणाला. "पर उरे तै ना. परली तरफ तै. पच्छम तै." टिब्याची खड्ड्याकडची बाजू जवळची होती, उकरायला भुसभुशीत. पश्चिमेची पलीकडची, पूर्ण चढ-उताराची, सरकंड्याच्या गवतानं घट्ट विणलेली. "और पाणी इब्बै तै बंद." त्यानं नळी भाऊसाहेबाच्या हातातून ओढून घेतली.

मंगळवारी उजाडायला तिघं टिब्यापलीकडं गेली. दोन घमेली, एक पाटी, कुदळ, फावडं. विजयानं जुन्या लुगड्याच्या तीन चुंबळी केल्या. ज्ञानोबानं कुदळ मारली ती सरकंड्याच्या मुळांत रुतली. हाताएवढं जाड मुळांचं जाळं. ते तोडल्याशिवाय खाली माती हाती लागेना.

"ही मुळं तोडू नगा," विजया म्हणाली. "टेकाड ह्यांच्यावरच उभं हाय. आपल्या आईच्या रानाची ताल, मातीचा बांध, अशीच गेलती."

"मग माती कुठनं काढू? ताऊच्या मिशीतनं?"

तिलाही दुसरी जागा दिसत नव्हती. ज्ञानोबा मुळं तोडत गेला, भाऊसाहेब भरत गेला, तिघंही आळीपाळीनं वाहत गेली. टिब्यावर चढायचं, वाळूत पोटरीपर्यंत पाय जायचा, पलीकडं उतरायचं, कचऱ्यावरून शंभर पावलं, भेगेत ओतायचं. ओतल्यावर भेग फुस्स करायची आणि पुढल्या घमेल्याची वाट बघायची.

दहा वाजता गाव आलं. बाभळीखाली खाटा टाकल्या. बायका डोक्यावरचा पदर ओढून खाली बसल्या. कुणीतरी चुलाणं पेटवून चहा ठेवला. टिब्यावरून उतरताना चहाचा वास नाकात यायचा.

"रै बुड्ढे, लिपाई सै के तीर्थयात्रा?"

"धीरे चाल, थारा महल ढह ज्यागा."

"बहू तो तगड़ी सै. इसनै डोझर पै बिठा द्यो, छोरे नै ढोण द्यो."

भाऊसाहेब थांबून त्या माणसाकडं बघत म्हणाला, "खरंच की. ज्ञानबा, ऐक, काय बोलतोय."

पाणी एक पिंप होतं. नळावर ताऊचा माणूस बसला होता. विजया घागर घेऊन गेली तेव्हा त्यानं नळाच्या दांड्याला कुलूप दाखवलं, स्वतः तांब्यानं पाणी प्यायला, आणि उरलेलं तिच्या पायांपुढं मातीत ओतलं. ती ते जिरेस्तवर बघत राहिली. मग घागर उलटी डोक्यावर घालून उन्हातून परत आली. संध्याकाळी कचऱ्याच्या गाडीच्या ड्रायव्हरनं पाण्याचा एक कॅन दिला. पाणी चहाइतकं गरम होतं. भाऊसाहेब म्हणाला, "पत्ती असती तर झालंच हुतं."

बुधवारी ऊन शेहेचाळीसवर गेलं. ज्ञानोबाची मान एका बाजूला वळेना. त्यामुळं त्याला फक्त गावच दिसायचं. विजयाच्या टाळूवरचे केस चुंबळीबरोबर निघून आले. भाऊसाहेब भेगेपाशी माती सारायला उभा राहिला, गप्पांच्या नादात जरा जास्त वेळ, आणि पाय उचलला तर चप्पल खालीच राहिली. रबर वितळून कचऱ्याला चिकटलं होतं. तळपायाला बटाट्याएवढा फोड. त्यानंतर तो बसून भरू लागला, बसून सरकू लागला. बाभळीखालचा हशा जरा विरळ झाला, पण खाटा हलल्या नाहीत.

गुरुवारी दुपारपर्यंत तीस हात भेग बुजली. दहा हात उरली, आणि सगळा धूर त्या दहा हातांतून येऊ लागला, काळा, जाड. विजया घमेलं ओतून खाली बसली. उठवेना.

"ऱ्हाऊ द्या आता," ती म्हणाली. "आंधीच्या आदी न्हाई व्हायाचं. चला, जाऊ आपन. हितनं निघून जाऊ."

"नाव माझं हाय कागदावर. गावाला गेलो तरी कागद मागं येतो."

"मग येऊ दे की. तिथं तरी पानी मागून मिळतं."

ज्ञानोबानं तिच्या हातातलं घमेलं घेतलं आणि वळला. तेव्हा त्याला पश्चिम दिसली.

आभाळाच्या बुडापासून तपकिरी भिंत उठली होती. आवाज नव्हता. बाभळीखालचं गाव खाटा तिथंच टाकून पळालं. चुलाण्यावरचा चहासुद्धा राहिला. ज्ञानोबानं बापाला पाठंगुळी मारलं, विजयानं कुदळ-फावडं उचललं, आणि तिघं कंटेनरमधे शिरून दार लावेपर्यंत पत्रा वाजायला लागला. भर दुपारी आत अंधार झाला. फटीफटींतून माती पिठासारखी झरत होती. तासभर कंटेनर थरथरत होता. ज्ञानोबा कानानं एकच आवाज शोधत होता, पेट घेतल्याचा. आणि हात एकमेकांत असे धरून बसला होता, की जणू कुणी त्यांत बेड्या घालायच्या आधीच त्या पडल्यात.

वारा थांबला तेव्हा दार उघडेना. बाहेर गुडघाभर माती लागली होती. खिडकीतून तो उतरला.

खड्डा दिसत नव्हता. म्हणजे होता तिथंच, पण कचरा नव्हता. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत माती. कुठं चार बोटं, कुठं वीत, जाळीच्या बुडाशी तर पुरुषभर. ज्ञानोबा धावत भेगेकडं गेला. भेग सापडेना. त्यानं पाऊल टाकून अंदाज घेतला, पहार खुपसली. तिथं दीड हात माती होती. धूर नव्हता. एक पिशवी उडत नव्हती.

मग त्यानं मागं पाहिलं. टिबा अर्धा होता. पश्चिमेकडं त्यांनी जिथं मुळं तोडली होती, तिथून वाऱ्यानं तोंड घातलं होतं आणि भाकरीसारखा मोडून नेला होता.

सहा वाजता गुरुग्रामवरून फोन आला. "ज्ञानोबा, ब्रिलियंट! ड्रोनचं फुटेज पाहिलं. हंड्रेड परसेंट कव्हर! कसं जमवलंत?"

"जमलं."

"फक्त मातीचा सोर्स लिहून द्या हं. ऑडिटला लागतो."

सोर्स त्याला लिहावा लागला नाही. शुक्रवारी सकाळी चौकीतून बोलावणं आलं. तिथं निम्मं नंगला हजर होतं. ताऊ खुर्चीवर, बाकीचे भिंतीला टेकून. मुन्शीनं तक्रार वाचून दाखवली: सदर इसमानं गावाचा टिबा चोरला.

"कितनी माटी?" मुन्शीनं विचारलं.

"आधा टिबा," ताऊ म्हणाला.

"किसमें ले गया?"

सगळे ज्ञानोबाकडं पाहू लागले. ज्ञानोबा खरं तेच बोलला. "हवा में."

मुन्शीनं पेन खाली ठेवलं. वाहनाचा नंबर लिहायची जागा रिकामी सोडता येते का, हे त्यानं साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, हवेवर गुन्हा दाखल होत नाही, आपसात मिटवा.

"जड़ इसनै काट्टी," ताऊ उठून उभा राहिला. त्याचा आवाज आज फाटका नव्हता, फाटलेला होता. "साठ साल तै देखूँ सूँ वो टिबा. मेरे दादा नै सरकंडा रोप्या था."

"पच्छम तै काटो, ये किसने बोला?" विजया दारातून म्हणाली. चौकीत बायका बोलत नसत, त्यामुळं उत्तर द्यायची पद्धतही कुणाला माहीत नव्हती. ताऊ हळूच खाली बसला.

तासाभरानं मुन्शीनं कागद केला. मजकूर त्यानंच सुचवला. त्याला जेवायला जायचं होतं. माती पश्चिमेच्या वाऱ्यानं गेली, सबब पुरवाई, म्हणजे पूर्वेचा वारा, सुटेल तेव्हा ती परत टिब्यावर जाऊ देण्यास सदर इसम हरकत घेणार नाही. ज्ञानोबानं सही केली. ताऊनं अंगठा दिला. मास्तरांनी साक्षीदार म्हणून सही करताना चष्मा पुसला.

नळाचं कुलूप निघालं नाही. त्या दिवसापासून नंगल्याचे म्हातारे रोज संध्याकाळी छतावर चढून पूर्वेकडं तोंड करून बसू लागले, ओलं बोट हवेत धरून. आणि खड्ड्यावर ज्ञानोबा, एकाच बाजूला वळणारी मान घेऊन, त्या मातीवरून डोझर फिरवत होता. पहाटे एकदा, दुपारी एकदा, दिवस मावळताना एकदा. कॅनमधलं उरलंसुरलं पाणी विजया वरून शिंपडत जायची. तिसऱ्या आठवड्यात माती अशी घट्ट बसली, की तिच्यावर कुदळ मारली तर कुदळच परत यायची.